मुंबईचं सागवान, हार्टलपूलची गोदी

मुंबईच्या गोदीत बांधलेलं शिडाचं जुनं लढाऊ जहाज डोळ्यांनी पाहायचं असेल, तर आज मुंबईला जाऊन उपयोग नाही. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलपूल नावाचं गाव आहे, तिथल्या जुन्या गोदीत ते उभं आहे. नाव ‘त्रिंकोमाली’. तीन डोलकाठ्या, दीडशे फूट लांबीचा तोफांचा मजला आणि नाळेवर मुंडासं बांधलेल्या माणसाचा पुतळा. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी हे जहाज मुंबईत पाण्यात उतरलं आणि आजही पाण्यातच आहे. नेल्सनचं ‘व्हिक्टरी’ याच्याहून वयाने मोठं, पण ते १९२२ पासून कोरड्या गोदीत टेकवून ठेवलंय. त्यामुळे अजून तरंगणाऱ्या ब्रिटिश युद्धनौकांमध्ये सर्वांत जुनी असण्याचा मान मुंबईच्या सुतारांनी घडवलेल्या या जहाजाकडे जातो.

आम्हा नाशिक जिल्ह्यातल्या विंचूरकडच्या माणसांनी त्या तारखेपाशी जरा थांबावं. जहाज पाण्यात गेलं त्यानंतर अवघ्या चोवीस दिवसांनी, ५ नोव्हेंबर १८१७ ला, खडकीची लढाई झाली. विंचूरकर ज्या गादीचे सरदार, ती पेशव्यांची गादी त्या युद्धात गेली. १८२८ मध्ये शनिवारवाड्याला आग लागली आणि आतले सगळे मजले जळून फक्त तट आणि जोती उरली. दुसऱ्या बाजीरावाच्या वाड्यातलं सागवान असं राखेला मिळालं. आणि ज्यांनी ते राज्य घेतलं, त्यांच्यासाठी त्याच सुमारास उभं केलेलं सागवान दोनशे वर्षांनंतरही शाबूत आहे. नशिबाचा खेळ म्हणून हे सोडून देता येईल. पण त्यात नशीब थोडं आणि निगा फार आहे.

अशी जहाजं जपावीत का, हा प्रश्न जगभर पुन्हापुन्हा निघतो. लाकूड कुजतं, दोर सडतात, खर्च कधी थांबत नाही. दारात हत्ती झुलवायचा तर चारा रोज लागतो. समुद्रापासून रस्त्याने सव्वादोनशे किलोमीटरवर राहणाऱ्या, कांद्याच्या भावावर वर्षाचं गणित मांडणाऱ्या मुलखाने या वादात का पडावं, असंही कोणी विचारेल. पडावं, कारण ‘त्रिंकोमाली’च्या कहाणीत जपणुकीबद्दल जे कळतं ते वाड्यांनाही लागू आहे, गढ्यांनाही आणि हातमागांनाही.

वाडियांची गोदी

१७३६ मध्ये लवजी नसरवानजी वाडिया हे पारशी कारागीर सुरतेहून मुंबईला आले. ईस्ट इंडिया कंपनीला मुंबईत जहाजं बांधायची होती आणि जहाजबांधणीची विद्या सुरतेत होती. १७५० मध्ये मुंबईत दगडी कोरडी गोदी तयार झाली. आशियातली ती पहिली मानली जाते. पुढे सुमारे दीडशे वर्षं मुंबई गोदीतल्या मुख्य कारागिराची जागा वाडियांच्याच घरात राहिली. बाप, मुलगा, नातू, पुतण्या अशी ही परंपरा होती. एखाद्या घरात वतन चालावं तशी ही विद्या चालली. फरक इतकाच, की इथे वतन टिकवायला दर पिढीला पाण्यात परीक्षा द्यावी लागे.

लवजींचे नातू जमशेटजी बमनजी यांच्या काळात ही गोदी कळसाला पोहोचली. ब्रिटिश आरमाराची मोठी जहाजं तोवर इंग्लंडातच बांधली जात. नेपोलियनशी युद्ध लांबलं, इंग्लंडातला ओक कमी पडू लागला आणि आरमाराची नजर मुंबईकडे वळली. त्याच सुमारास, १८०७ ते १८१० या वर्षांत, डंकन गोदी बांधून झाली. १८१० मध्ये जमशेटजींनी ‘मिंडेन’ पाण्यात सोडलं. ब्रिटिश बेटांबाहेर बांधलेलं ब्रिटिश आरमाराचं हे पहिलं मोठं लढाऊ जहाज. त्यांच्याबद्दल एक गोष्ट सांगितली जाते. १८०० साली बांधलेल्या ‘कॉर्नवॉलिस’ नावाच्या एका जहाजाच्या पोटात, सहसा कोणाची नजर जाणार नाही अशा तुळईवर, हे जहाज एका काळ्या माणसाने बांधलंय असं त्यांनी कोरून ठेवलं होतं. तेही गोरे साहेब ज्या शिवीसकट ‘काळा’ म्हणत, ती शिवी जोडून. पुढे कधीतरी जहाजाची वाहवा होत असताना त्यांनी ती अक्षरं दाखवली म्हणे. खरीखोटी कशीही असो, या गोष्टीतला माणूस ओळखीचा वाटतो. काम तोंडाने बोलून दाखवायचं नाही, पण आपलं नाव तळाशी कोरून ठेवायचं.

मुंबईच्या जहाजांचं बळ सागवानात होतं. ओकच्या लाकडात टॅनिनचं आम्ल असतं. ते लोखंडी खिळे खातं आणि खिळ्याभोवतीचं लाकूडही काळं पडून भुसभुशीत होतं. सागवानात तेल असतं. त्या तेलाने खिळा गंजत नाही, लाकूड पाणी कमी पितं आणि वाळवी-भुंग्याला दाद देत नाही. मुख्य लाकूड मलबारातून यायचं, पण आपल्या शेजारचा डांगही या धंद्यात ओढला गेला. सुरगाण्याच्या पलीकडचं डांगचं जंगल इंग्रजांनी १८४०च्या दशकात तिथल्या भिल्ल राजांकडून भाडेपट्ट्याने घेतलं, ते या सागासाठीच. समुद्र न पाहिलेल्या डोंगरातली झाडं समुद्रावर जात होती. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम कडेला उभं राहिलं की दिसणारं ते रान आणि मुंबईची गोदी यांच्यात असा थेट व्यवहार होता.

वाटेत बुडालेले नकाशे

‘त्रिंकोमाली’चं काम १८१२ मध्ये ठरलं, पण सुरुवात व्हायला साडेतीन वर्षं गेली. जहाजाचे नकाशे इंग्लंडहून ‘जावा’ या जहाजावरून निघाले होते. डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने ‘जावा’ला गाठून नामोहरम केलं आणि नकाशे गेले. दुसरी प्रत मागवावी लागली. अखेर एप्रिल १८१६ मध्ये मुंबईत जहाजाचा कणा घातला गेला. पारशी रिवाजाप्रमाणे त्या कण्यात चांदीचा खिळा ठोकण्यात आला. दीड वर्षात सांगाडा उभा राहिला, त्यावर फळ्या चढल्या, सांधे बुजले आणि जहाज पाण्यात गेलं.

सांधे बुजवण्याचं काम जवळून पाहण्यासारखं असतं. दोन फळ्यांमध्ये मुद्दाम चीर ठेवतात. त्या चिरेत काथ्याचा किंवा जुन्या दोराचा पिळलेला पेड छिन्नीने ठासायचा, वरून लाकडी हातोड्याचे ठोके द्यायचे आणि मग डांबर किंवा राळ ओतायची. जुना कारागीर ठोक्याच्या आवाजावरून सांधा भरला की नाही ते सांगतो. पोकळ सांध्याचा आवाज वेगळा, भरलेल्याचा वेगळा. पेड कमी पडला तर पाणी शिरतं. जास्त ठासला तर लाकूड फुगल्यावर फळीच उचलली जाते. किती ठासायचं हे कुठल्या नकाशात लिहिलेलं नसतं. ते मनगटात असतं आणि एका मनगटातून दुसऱ्या मनगटात जायला काही वर्षांची सोबत लागते.

जहाज तयार झालं तेव्हा त्याला काम उरलं नव्हतं. वॉटर्लूची लढाई होऊन दोन वर्षं झाली होती. १८१९ मध्ये ते पोर्ट्समथला पोहोचलं आणि डोलकाठ्या काढून, वर छप्पर घालून बाजूला ठेवलं गेलं. पंचवीसहून जास्त वर्षं ते असंच बसून होतं. १८४५ नंतर त्याच्या तोफा कमी करून त्याला पुन्हा सज्ज केलं, आणि १८४७ पासून दहा वर्षं ते अटलांटिक आणि पॅसिफिकमध्ये फिरलं. गुलामांच्या व्यापारावर पाळत ठेवणं, मासेमारीच्या हद्दी सांभाळणं, क्रिमियन युद्धाच्या काळात रशियन किनाऱ्याकडे जाणं अशी कामं त्याने केली. मोठी गाजलेली लढाई त्याच्या वाट्याला आली नाही. मग वाफेची जहाजं आली आणि शिडाचं लढाऊ जहाज बाद झालं.

इथे बहुतेक जहाजांची गोष्ट संपते. ‘त्रिंकोमाली’ची संपली नाही, कारण तिला नवं काम मिळालं. राखीव नौसैनिकांना तोफखाना आणि दोरकाम शिकवण्यासाठी तिचा उपयोग होऊ लागला. काही वर्षं तर ती हार्टलपूललाच होती. १८९७ मध्ये भंगारवाल्याला विकलं गेलेलं हे जहाज जॉर्ज व्हीटली कॉब या धनिकाने सोडवून घेतलं. मुलांना समुद्राचं शिक्षण देण्यासाठी ‘फूद्रॉयाँ’ नावाचं जुनं जहाज त्यांनी घेतलं होतं, ते त्याच वर्षी वादळात ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर फुटलं होतं. त्याच्या जागी हे आलं आणि नावही तेच घेतलं. पुढे १९८६ पर्यंत मुलांच्या पिढ्या या जहाजावर झोपल्या, दोरांवर चढल्या, डेक घासायला शिकल्या. नव्वद वर्षं रोज कोणीतरी फळ्या पुसत होतं आणि गळती कुठे आहे ते पाहत होतं. मुंबईच्या सागवानाला याहून चांगली सेवा मिळणं अवघड होतं.

गावाने जहाज घेतलं, जहाजाने गाव

१९८७ मध्ये जहाज एका मोठ्या तराफ्यावर चढवून हार्टलपूलला आणलं गेलं. गाव तेव्हा हलाखीत होतं. जहाजबांधणीचे कारखाने बंद पडलेले, लोखंडाचा धंदा उतरलेला. पण जुनी विद्या असलेली माणसं गावात होती, आणि त्याआधीची काही वर्षं याच गावात ‘वॉरियर’ या लोखंडी जहाजाचं पुनरुज्जीवन झालं होतं. त्या हातांना नवं काम मिळालं. १९९० ते २००१ अशी अकरा वर्षं डागडुजी चालली. सुमारे एक कोटी पाच लाख पौंड खर्च आला. १९९२ मध्ये जहाजाला त्याचं मूळ नाव परत मिळालं. त्याच्याभोवती जुन्या बंदराचं संग्रहालय उभं राहिलं आणि ओसाड पडलेल्या गोदीत माणसं येऊ लागली.

सगळ्यात बोलका पुरावा लाकडाचा. इतकी वर्षं उलटूनही जहाजाच्या सांगाड्यात मुंबईत बसवलेल्या मूळ सागवानाचा मोठा भाग टिकून आहे. याच्या उलट ‘कॉन्स्टिट्यूशन’ पाहा. ज्या अमेरिकी जहाजामुळे ‘त्रिंकोमाली’चे नकाशे हुकले, तेही बॉस्टनला जपून ठेवलेलं आहे आणि अमेरिकी नौदलाच्या सेवेत आजही त्याची नोंद आहे. पण ते ओकचं. १७९७ पासून इतक्या वेळा दुरुस्त झालं, की मूळ लाकूड त्यात आता थोडंच उरलंय. त्याच्या फळ्या बदलता याव्यात म्हणून अमेरिकी नौदलाने इंडियानातल्या क्रेन इथे पांढऱ्या ओकचं रान राखून ठेवलंय. एक जहाज जपायचं तर एक जंगलही जपावं लागतं, हे त्यांनी मान्य केलं आणि तशी तजवीज केली.

गेलेली जहाजं

जपलेल्या एका जहाजामागे गेलेली शेकडो असतात. मुंबईचंच ‘गँजेस’ १८२१ मध्ये पाण्यात उतरलं, शंभर वर्षांहून अधिक काळ तरंगलं आणि १९३० च्या सुमारास मोडलं गेलं. मुंबईचं ‘वेलस्ली’ १९४० मध्ये थेम्स नदीत जर्मन विमानांच्या बॉम्बने बुडालं. ‘एशिया’ हे आणखी एक मुंबईचं जहाज १८२७ च्या नॅव्हरिनोच्या लढाईत ब्रिटिश सेनापतीच्या निशाणाखाली होतं. तेही कधीच मोडीत निघालं.

‘त्रिंकोमाली’च्या शेजारी पोर्ट्समथला ‘इम्प्लॅकेबल’ नावाचं जहाज उभं असायचं. मूळचं फ्रेंच, ट्रफाल्गरच्या लढाईत इंग्रजांविरुद्ध लढलेलं. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटन कर्जात बुडालेलं, डागडुजीला पैसा नाही. २ डिसेंबर १९४९ रोजी ते खोल समुद्रात नेलं, ब्रिटन आणि फ्रान्स दोन्ही देशांची निशाणं चढवली आणि स्फोटकं लावून बुडवलं. त्याची हळहळ इतकी झाली, की पुढे ‘कटी सार्क’ हे जुनं शिडाचं जहाज वाचवण्याची मोहीम त्याच पश्चात्तापातून उभी राहिली. शेजारी उभ्या असलेल्या दोन जहाजांपैकी एक तळाला गेलं आणि एक आज संग्रहालय आहे. दोघांत फरक पडला तो निगेचा. एकाची देखभाल चालू राहिली, दुसऱ्याच्या देखभालीला कोणी पुढे आलं नाही.

आपल्याकडची यादी याहून उदास आहे. आंग्र्यांच्या आरमारातली गुराबं दोन-तीन डोलकाठ्यांची, दीडशे ते तीनशे टनांची. गलबतं त्याहून लहान, वल्ह्यांवरही पळणारी. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांचं आरमार आणि पेशव्यांची फौज मिळून तुळाजी आंग्र्यांवर विजयदुर्गाला चालून आली. तुळाजींनी कधीकाळी कंपनीकडून ‘रिस्टोरेशन’ नावाचं जहाज हिसकावून घेतलं होतं, ते बंदरात उभं होतं. इंग्रजांचा तोफगोळा नेमका त्याच्यावर पडला, ते पेटलं आणि त्याच्या ज्वाळांनी दाटीने बांधलेलं सगळं आरमार पेटवलं. त्या घराण्याने साठ-सत्तर वर्षं उभं केलेलं काही तासांत गेलं. त्या काळचं मराठ्यांचं एकही जहाज आज शिल्लक नाही. विजयदुर्गाजवळ वाघोटणच्या खाडीत खडक खोदून केलेली गोदी तेवढी उरली आहे.

समुद्राच्या तळाशी काही सापडेल ही आशाही फारशी नाही. स्वीडनचं ‘वासा’ १६२८ मध्ये पहिल्याच सफरीत बुडालं आणि १९६१ मध्ये जवळपास अखंड वर काढता आलं, कारण बाल्टिक समुद्राच्या गोडसर पाण्यात लाकूड खाणारा किडा जगत नाही. आपल्या उबदार, खाऱ्या पाण्यात तो किडा जोमाने वाढतो. कोकणात म्हणूनच पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवत, खालच्या अंगाला चुना आणि चरबी, वरच्या अंगाला माशाचं तेल लावत, सांधे पुन्हा भरत आणि नारळी पौर्णिमेनंतर त्या पाण्यात घालत. जहाज जपणं हे तिथे संग्रहालयाचं काम नव्हतं. धंद्याचा वार्षिक नेम होता. पावसाळ्यात बंद असलेली मासेमारी हीच जहाजांची डागडुजीची सुट्टी होती.

शिडं जाऊन यंत्रं आली, लाकूड जाऊन फायबर आलं, तसा तो नेमही ढिला पडला. लाकडी मोठी जहाजं आज कच्छच्या मांडवीत आणि केरळातल्या बेपूरला बांधली जातात. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर तो आवाज क्वचित ऐकू येतो.

आणि मग ‘विक्रांत’. शिडाचं नव्हे, पण मुंबईने जपायचं ठरवलेलं आणि न जपलेलं. १९६१ मध्ये नौदलात दाखल झालेलं हे विमानवाहू जहाज १९९७ मध्ये निवृत्त झालं. काही वर्षं त्यावर संग्रहालय चाललं, २०१२ मध्ये ते सुरक्षेच्या कारणाने बंद झालं. उभं राहायला कायमचा धक्का कुठला आणि कायमचा खर्च कोण उचलणार, हे ठरलंच नाही. २०१४ मध्ये सुमारे साठ कोटी रुपयांना त्याचा लिलाव झाला आणि मुंबईतल्याच दारूखान्यात ते कापलं गेलं. त्याच्या पोलादाचा काही भाग मोटारसायकलींत गेला. नंतर एक स्मारक उभं राहिलं. बैल गेल्यावर झोपा करायची सवय आपली जुनीच.

दुसरी बाजू

जपणुकीच्या विरोधात बोलणाऱ्यांचं म्हणणं पोकळ नाही. पैशाचा मुद्दा तर उघड आहे. ‘कटी सार्क’ला मे २००७ मध्ये आग लागली. दुरुस्ती चालू असताना एक मोठा व्हॅक्यूम क्लीनर चालूच राहून गेला होता. सुदैवाने बरेच भाग आधीच काढून ठेवलेले होते, तरी ते जहाज पुन्हा उभं करायला पाच वर्षं आणि सुमारे पाच कोटी पौंड लागले. एवढ्या पैशात किती शाळा होतील, हा प्रश्न विचारणाऱ्याला मूर्ख ठरवता येत नाही.

दुसरा मुद्दा अस्सलपणाचा. एकेक फळी बदलत गेलो तर शेवटी उरलेलं जहाज तेच की दुसरं? मला हा वाद पंढरीच्या वाटेवरच्या दिंडीसारखा वाटतो. शंभर वर्षांपूर्वीचा एकही वारकरी आज दिंडीत नाही, तरी दिंडी तीच असते, कारण चालण्याचा क्रम आणि अभंगांचा क्रम अखंड आहे. जहाजाचंही तसंच. ज्या हाताने फळी बदलली तो हात आधीच्या हाताकडून शिकलेला असेल, तर जहाज तेच आहे. नकाशा पाहून परक्या माणसाने बदलली तर फळी नवी आणि जहाजही अर्धं नवं.

तिसरा मुद्दा सगळ्यात बोचरा. ‘त्रिंकोमाली’ ही साम्राज्याची तोफवाहक नौका. मुंबईतच बांधलेल्या आणि १८१३ मध्ये पाण्यात उतरलेल्या ‘कॉर्नवॉलिस’ नावाच्या दुसऱ्या जहाजावर १८४२ मध्ये नानकिंगचा तह झाला आणि अफूच्या युद्धात हरलेल्या चीनने हाँगकाँग इंग्रजांना दिलं. आपल्या सुतारांच्या हातांनी दुसऱ्यांचे पाय बांधले गेले. मग कौतुक कशाचं करायचं? माझं उत्तर सरळ आहे. मालकाचं करू नये, कारागिराचं करावं. ताजमहालासमोर उभं राहून कोणी बादशहाच्या खजिन्याचा हिशेब विचारत नाही असं नाही. पण दगडात फुलं जडवणाऱ्यांचे हात विसरले तर तो हिशेबही अर्धवटच राहतो.

विंचूरहून अजिंठ्याकडे

विंचूरवरून नाशिक–छत्रपती संभाजीनगर हा रस्ता जातो. लासलगाव बाजार समितीच्या विंचूर उपबाजारातला कांदा या रस्त्याने पश्चिमेकडे, न्हावाशेवाच्या बंदराकडे निघतो आणि कंटेनरात बसून आखातापर्यंत आणि कोलंबोपर्यंत पोहोचतो. पण याच रस्त्याने पूर्वेकडे गेलं, पुढे छत्रपती संभाजीनगरहून डोंगरात शिरलं, की अजिंठा येतं. अजिंठ्याच्या भिंतीवर सुमारे पंधराशे वर्षांपूर्वी काढलेलं एक जहाज आहे. चौकोनी शिडं, उंच डोलकाठ्या, मागे सुकाणूची वल्ही. वाघूर नदीच्या वळणावर, समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, चित्रकाराने ते इतक्या तपशिलाने रेखाटलं की आज त्यावरून जहाज बांधता आलं.

ते जहाज म्हणजे ‘कौंडिण्य’. केंद्र सरकारचं संस्कृती मंत्रालय, भारतीय नौदल आणि गोव्यातली होडी इनोव्हेशन्स ही संस्था यांच्यात जुलै २०२३ मध्ये करार झाला. अजिंठ्याच्या चित्रावरून आकार ठरवला, बाकीचं प्रयोगातून शोधलं. केरळातले ज्येष्ठ जहाजकारागीर बाबू शंकरन आणि त्यांच्या सुतारांनी फळ्या काथ्याच्या दोरीने शिवल्या. खिळा कुठेच नाही. शिवलेलं जहाज लाटेबरोबर थोडं लवतं, म्हणून ते खडकाळ किनाऱ्यावरही टिकतं, असा या बांधणीचा जुना गुण. मे २०२५ मध्ये कारवारला ते नौदलात दाखल झालं आणि डिसेंबरअखेर पोरबंदरहून मस्कतकडे निघून नव्या वर्षाच्या जानेवारीत तिथे पोहोचलं. भारतीय व्यापाऱ्यांची हीच जुनी वाट.

‘कौंडिण्य’ जुनं जहाज नाही. तरीही जपणुकीच्या वादात त्याचं वजन मोठं आहे. फळ्या शिवण्याची विद्या केरळातल्या मोजक्या हातांत उरली होती. जहाज बांधताना ती आणखी हातांत गेली. गोव्यात दिवाडी बेटावर याआधी रत्नाकर दांडेकरांनी ‘म्हादेई’ बांधली होती. त्याच नौकेतून कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९–१० मध्ये एकट्याने शिडावर पृथ्वीप्रदक्षिणा केली. ती करणारे ते पहिले भारतीय. कुठलाही प्राचीन अवशेष नसताना त्या बेटावरच्या गोदीने एक गोष्ट जिवंत ठेवली: वारा आणि लाकूड यांच्याशी बोलण्याची रीत.

मग जपावीत का

जपावीत, पण प्रत्येक जहाज नाही. ‘त्रिंकोमाली’ची दोनशे वर्षं पाहिली तर जगलेल्या जहाजांना तीन गोष्टी मिळालेल्या दिसतात. पहिली, काम. जे जहाज शिकवतं, चालतं किंवा लोकांना आत येऊ देतं, त्याची गळती लवकर सापडते. दुसरी, हात. जवळपास त्याच विद्येचे सुतार नसतील तर जपणुकीचा पैसा वाया जातो. तिसरी, कायमचा खर्च उचलणारं कोणीतरी: गाव, नौदल, संस्था, काहीही. उद्घाटनाला जमलेले मंत्री या यादीत बसत नाहीत. तिन्ही नसतील तर जहाजाचं मोजमाप घ्यावं, सांध्यासांध्याचे नकाशे काढावेत, त्याच्यावर काम केलेल्या माणसांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात आणि मग त्याला जाऊ द्यावं. खोटी आशा दाखवून वीस वर्षं कुजत ठेवण्यापेक्षा ते प्रामाणिक आहे.

‘त्रिंकोमाली’ परत मागावी, असं अधूनमधून कोणाला तरी वाटतं. मला ते पटत नाही. हार्टलपूलने ते जहाज कमावलंय. आपल्याला परत हवी ती गोष्ट वेगळी आहे. लवजींच्या काळातली मुंबई गोदी आणि जमशेटजींची डंकन गोदी आजही नौदलाच्या वापरात आहेत, आणि विजयदुर्गाच्या खाडीतली गोदी जागेवर आहे. गोद्या आहेत, समुद्र आहे, सागही पुन्हा लावता येतो. नाही ते इतकंच: दर वर्षी चार-सहा तरुण सुतारांना लाकडी जहाजावर कामाला लावणारं एखादं ठिकाण. कोकणच्या किनाऱ्यावर सरकारने एक गलबत बांधायला घ्यावं, ते पुरं झालं की दुसरं घ्यावं, आणि शिडावर चालणाऱ्या त्या गलबतांवर किनाऱ्यावरच्या शाळांची मुलं न्यावीत. एका संग्रहालयाच्या इमारतीपेक्षा हे स्वस्त पडेल. आणि पन्नास वर्षांनी त्यातलं एखादं जपण्यालायक जुनं होईल, तेव्हा त्याची फळी बदलायला कोणाला इंग्लंडहून बोलवावं लागणार नाही.